सगळे सुखरूप

दुपारच्या सामसुमीत मालनच्या हातून पितळी झाकण निसटलं आणि गरगरत, टणटणत थेट उंबरठ्यापर्यंत गेलं. मालनने जीभ चावली. झोळीत शालूचे डोळे नुकतेच मिटले होते. दीड वर्षाचं पोर ते, आता उठलं की पुन्हा निजायचं नाही. ती श्वास रोखून उभी राहिली. तेवढ्यात उंबरठ्याशी वाकून कुणीतरी ते झाकण उचललं.

दारात एक बाई होती. काष्ट्याचं आखूड लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि पदराला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी.

"पोर निजलंय वाटतं," ती कुजबुजली. "महिपतराव हितंच ऱ्हातात ना? हरवलेली मानसं हुडकून देतात ते?"

नौपाड्यातल्या त्या बिऱ्हाडात मागच्या दोन खोल्यांत मालनचा संसार होता, आणि पुढच्या खोलीत तिच्या थोरल्या भावाची, महिपतची कचेरी. लढाईच्या काळात महिपत मुंबईला एका छापखान्यात चित्रांचे ब्लॉक तयार करायच्या खात्यात होता. लढाई संपली, खातं बंद झालं, आणि बारीक नजर तेवढी हातात उरली. त्या नजरेवर तो आता लोकांच्या खाजगी चौकशा करून देई. चौकशी बायकांची असली की मालनला बरोबर नेई. "तुझ्याशी बायका बोलतात, माझ्याकडे नुसत्या बघतात," असं तो म्हणे.

"कोण हरवलंय?" महिपतने विचारलं.

"नवरा. धाकू नाव. लढाईवर जेला तो आलाच नाय." तिने मुलीला जवळ ओढलं. "मी सगुणा. ही माजी तुळसा. पन साहेब, त्याला हुडकू नका. तो हाय का नाय, येवढंच सांगा." तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. "हे ठेवू का पुसू, तेवढं सांगा."

महिपत खुर्चीत पुढे सरकला. मालनच्या हातातलं पाण्याचं भांडं हातातच राहिलं.

सगुणाने सांगितलं ते असं. डोंबिवलीच्या अलीकडे, खाडीला लागून तिचं गाव. बेचाळीस साली सरकारला नावाडी हवे होते. गावचा भिवा सैन्यात जमादार होता, त्याने चार तरण्या पोरांना भरती केलं. कंपनी ब्रह्मदेशात गेली आणि जपानी पुढे सरकले तशी मागे रेटली गेली. हजारो माणसं चिंदविन नदीच्या पार न्यायची होती, ती या पोरांनी नावांतून नेली. चौघांतले दोघे पुढे तापाने वारले. तिसरा, गोविंदा, परत आला. तो म्हणतो, धाकू नदीत गेला, माझ्या डोळ्यांदेखत.

"आणि जमादार?"

"ते बोलतात, सगळी नदीपार झाली नि मंग धाकू पळाला. तिकडंच घर केलं म्हनून." तिने खाली बघून पुढचं सांगितलं. "सरकारी पत्रकात त्याचा फोटू आलाय. नदीच्या पार. हसतोय. तो चावडीत लावलाय. आता गावात लढाईवर जेलेल्यांची शिळा बसनार. उद्या नावं कोरनार. त्यात याचं नाव नाय. शाळेत पोरं हिला पळपुट्याची पोर बोलतात."

"फोटोत तोच आहे, हे तुम्ही नीट पाहिलंत?"

"बायका चावडीची पायरी चढत नाय आमच्यात. दारातनं बघितला, लांबून. तोच हाय. दात दिसतात."

महिपत एकदम उठला. "मालू, उद्या सकाळची पहिली गाडी. शालूला घे बरोबर."

"अरे दादा, तिला सर्दी..."

"खाडीची हवा लागू दे. बरी होईल!"

भावाच्या डोळ्यांत ती चमक आली की मालनलाही घरात बसवत नसे. तिने रात्रीच शालूची कुंची आणि गूळपोळी बांधून ठेवली.

*

सगुणाच्या घरात सासू, कमळाबाई, चुलीपुढे बसली होती. महिपतने विचारायच्या आधीच ती कडाडली.

"माजा पोर जिता हाय! सरकारानं छापलंय. गोविंदाच्या बोलन्यानं मरतो काय तो? तुमी काय त्याला मारायला आलात?"

"नाही, आई. खरं काय ते बघायला आलो."

"मंग चावडीत जा नि बघा. हसतोय माजा पोर." तिने सुनेकडे बघितलं. "आनि हिला सांगा, कुंकवाला हात लावशील तर याद राख."

महिपत चटकन बाहेर सटकला, चावडीतल्या त्या फोटोवर एक नजर टाकायला. मालन मात्र बसली. शालूने कमळाबाईच्या मांडीवर बस्तान ठोकलं तशी म्हातारी जरा निवळली, आणि सगुणा भाकरी थापता थापता बोलायला लागली.

"आमचा संसार म्हंजे काय, ताई! माघात लगीन लागलं. दुसऱ्याच दिवशी जमादार दारात हजर. कंपनीचा सराव चालू जाला होता, हितंच खाडीत. नवरा हळदीच्या अंगानं जेला. हळदीच्या दोऱ्याचं काकनबी तसंच हातात."

"काकण सोडलं नव्हतं?"

"कुटनं सोडनार? नवरीनं सोडायचं असतं ना! पुढं बोटीवर चढायच्या आदल्या दिशी एका रात्रीची सुट्टी दिली, तवा सोडलं. एका हातानं गाठ सोडायची, दुसरा लावायचा नाय. गाठ सुटता सुटंना. सगल्या बाया हसतात, आनि हा मेला हात हलवतोय मुद्दाम." ती हसली आणि तशीच थांबली. "सकाळी जेला. तुळसा त्या रात्रीची."

 मालनने भाकरी उलटायला हात पुढे केला. "द्या, मी भाजते."

*

गोविंदा खाडीवर होता. ओहोटी लागली होती, आणि तो चिखलात कलंडलेल्या होडीच्या फटी बुजवत होता. शालू कडेवरून उतरली आणि पळत सुटली, ती थेट चिखलात. दुसऱ्या क्षणी तिने भोकाड पसरलं.

"तिवराच्या मुळ्या लागल्या तिला!" गोविंदाने धावत येऊन तिला उचललं. चिखलातून बोटाएवढ्या टोकदार मुळ्या सरळ वर आलेल्या होत्या, कुणी ओळीने खिळे ठोकावेत तशा. "खाऱ्या पान्याचं झाड हे. नाक वर काडून श्वास घेतं बोलतात. रडू नको, आक्का, ही बघ निवटी!"

शालू चिखलातल्या त्या माशाची उडी बघून रडणं विसरली. महिपतने गोविंदाला चिंदविनचं विचारलं.

"रात होती. चांदनं होतं." तो थबकला. "का नव्हतं? जमादार बोलतात, तू दर येळी येगळं सांगतोस. खरं हाय. चांदन्याचं नाय आठवत मना. आमची नाव ह्या काठाला लागली. पल्याड मानसं राहिली होती, वरडत होती. धाकूनं अंगातला सदरा काडून माझ्या अंगावर टाकला. बोलला, ओला करू नको, येताना घेतो. उघडा जेला. मदी असताना इमानं आली."

"त्याच्या हाताला काही लागलं होतं का? जखम?"

"जखम? कसली? वल्हं मारत जेला ना तो! दोनी हात चांगले होते." गोविंदाने डांबराची पाटी फेकली. "पत्रकात छापलंय सगळे सुखरूप. मी कोन? मी एक नावाडी."

परतताना मालन म्हणाली, "दादा, हा खरं बोलतोय असं वाटतं बाई. पण त्याला चांदणंसुद्धा धड आठवत नाही."

"म्हणूनच ऐकण्यासारखा आहे."

"म्हणजे?"

"आता पुन्हा चावडी!" महिपत भराभर चालायला लागला. मालनला शालूला सावरत जवळजवळ पळावं लागलं.

*

चावडीपुढे शिळा येऊन पडली होती. पाथरवट छिन्नीला धार लावत होता आणि गावची पुरुषमंडळी भोवती उभी होती. महिपत पायऱ्या चढून आत गेला. मालनने पहिल्या पायरीवर पाय ठेवला मात्र, सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो मागे घेतला. ती पायरीशीच बसली. दार उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

भिवा जमादार भारदस्त माणूस होता. पिळदार मिशा, छातीला बिल्ला.

"या, या! हीच ती तसबीर. शहाण्या माणसानं बघावी, म्हणजे शंका उरत नाही."

"वाचू का मोठ्यांदा?" महिपतचा आवाज आला. "'चिंदविनच्या काठी शेवटची नाव. सगळे सुखरूप. मनगटाला जखम, तरी जवान हसतमुख. मागे शत्रूने रोवलेले खुंट.' वा! तुम्हाला आठवतो तो दिवस?"

"कालच्यासारखा! शेवटची नाव. सगळे सुखरूप. मनगटाला जखम होती, तरी गडी हसतमुख."

"पट्टी कुणी बांधली?"

"मीच. माझ्या फेट्याची चिंधी फाडून. बाँबचा तुकडा लागला होता."

"उजव्या मनगटाला. बरोबर. आणि हे चिखलातले खुंट? बारीक दिसतात फार."

"जपान्यांनी ठोकले. नावा लागू नयेत म्हणून."

"सरकारी माणूस कॅमेरा घेऊन तिथं हजर होता? माणसं बाँबखाली पळताहेत, तेव्हा?"

"होता ना. सरकार सगळीकडे असतं."

आतून भिंगाची डबी उघडल्याचा आवाज आला. महिपत भिंग लावून बघत असणार. मग तो धाडधाड पायऱ्या उतरून आला आणि मालनच्या समोर चवड्यावर बसला. चेहरा लाल झाला होता.

"मालू, तू इतका वेळ चुलीपुढे होतीस. सगुणाबाईंनी लग्नाचं काही सांगितलं? काहीही सांग. शब्दसुद्धा गाळू नकोस."

"अरे, बायकांचं बोलणं ते. माघात लग्न, दुसऱ्या दिवशी सरावाला बोलावलं, एका हाताने काकण सोडताना हा मुद्दाम..."

"काकण! कधी सोडलं?"

"बोटीवर जायच्या आदल्या रात्री. का रे?"

महिपतने बहिणीचे दोन्ही खांदे धरले. "मालू, अगं, तू सगळं सोडवून बसलीस की!"

"मी? मी तर भाकऱ्या भाजत होते."

"धावत जा. सगुणाबाईंना आण. सासूलाही. तुळसालासुद्धा!"

*

मालन तिघींना घेऊन आली तेव्हा महिपत तसबीर भिंतीवरून काढून पायरीपर्यंत घेऊन आला होता. भिवा जमादार मागून ओरडत होता.

"चावडीतली वस्तू बाहेर? कुणाच्या हुकमानं?"

"बायका वर येत नाहीत ना, म्हणून तसबीर खाली आणली. रीत मोडली नाही मी," महिपत म्हणाला. लोकांत हशा पिकला. त्याने तसबीर सगुणाच्या हातात दिली आणि वर भिंग धरलं. "बाई, घाई करू नका. मनगटाला काय आहे?"

सगुणा वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"काकन हाय."

"पट्टी ती!" भिवा गरजला.

"काकन हाय!" सगुणाने मान वर केली. "ही पुरचुंडी, हळकुंड नि सुपारीची. हे आंब्याच्या पानाचं टोक बाहेर आलंय. मी सोडलेलं काकन मी वळखनार नाय?"

कमळाबाईने भिंग हिसकावून घेतलं. बघितलं, आणि ती पायरीवर बसली. त्या पुरचुंडीचा दोरा तिनेच वळला होता.

"आता सगळे ऐका," महिपत म्हणाला. पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. "जमादार, तुम्ही आत्ता मला सांगितलंत की ही पट्टी चिंदविनवर, फेट्याची चिंधी फाडून तुम्ही बांधलीत. आणि हे काकण तर बोटीवर चढायच्या आदल्या रात्री गावात सुटलं. मग ते काकण हातात असतानाचा फोटो कधीचा?"

"लग्नानंतरचा," कुणीतरी म्हणालं. "सरावाच्या दिवसांतला."

"शाबास! कुठला?"

"त्या पानाचं काय सांगता?" भिवा मध्येच म्हणाला. "जखमेवर पाला लावतात."

"लावतात. मग जरा खाली बघा. मनगट सोडा, पायाशी बघा. शत्रूने रोवलेले खुंट. गोविंदा, इकडे ये. हे काय आहे?"

गोविंदाने एकदा पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "च्यायला! तिवराच्या मुळ्या!"

तसबीर या हातातून त्या हातात फिरायला लागली. "आपली खाडी ही!" "अरे, ही गावदेवीची चढण!" "इतकी वर्षं बघतोय, दिसली कशी नाय?"

"कारण तुम्ही चित्र पाहिलंच नाहीत, चित्राखालची ओळ पाहिलीत," महिपत म्हणाला. "ओळीत खुंट लिहिलं, तुम्हाला खुंट दिसले. जखम लिहिलं, पट्टी दिसली. चिंदविन समुद्रापासून केवढी आत! तिथं खारं पाणी कुठलं, तिवर कुठले? मालू, शालूच्या पायाला सकाळी काय टोचलं होतं?"

मालनने शालूचा चिमुकला तळवा हातात घेतला. लाल ठिपका अजून होता. सकाळपासून तिने तो दहादा फुंकला होता, आणि तिच्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नव्हता!

"पण दादा, खाडीतला फोटो चिंदविनचा झाला कसा?"

"मी छापखान्यात पाहिलंय ना. चित्र एका पाकिटातून यायचं, ओळ दुसऱ्या. माघार झाली, माणसं मेली, लोक घाबरले. सरकारला हसरा चेहरा हवा. चिंदविनवर फोटो काढायला फुरसत कुणाला होती? मग सरावात काढलेला एक हसरा नावाडी शोधला, आणि टेबलाशी बसलेल्या कुणीतरी खाली ओळ लिहिली. मनगटाला काहीतरी दिसतंय? जखम असेल! चिखलात काहीतरी दिसतंय? खुंट असतील!"

"गोविंदाला मात्र चांदणं आठवत नाही," पाथरवट म्हणाला.

"नाहीच आठवणार. मरणाच्या रात्री कोण आभाळ बघतं? पण सदरा त्याला दर वेळी आठवतो, आणि तसाच आठवतो. उलट जमादारांची गोष्ट ऐका. 'शेवटची नाव, सगळे सुखरूप, हसतमुख.' एकेक शब्द छापील. डोळ्यांनी पाहिलेला माणूस असा बोलत नाही, वाचलेला बोलतो. जमादार, ही तुमची आठवण नाही. ही त्या टेबलावरच्या बाबूची आहे."

सगळ्यांच्या नजरा भिवाकडे वळल्या. त्याने बिल्ल्यावर हात ठेवला, जणू कुणी तो ओढून घेणार होतं.

"मी त्याला मारलं नाही," तो म्हणाला. आता आवाजात जमादार उरला नव्हता. "मी नको म्हणत होतो. तो ऐकेना. पल्याडची माणसं ओरडत होती ना... विमानं आली, आणि मी बाकीच्या नावांना निघायचा हुकूम दिला. साहेबानं विचारलं, सगळे आले? मी हो म्हटलं. त्यावर मला हा बिल्ला मिळाला."

"आणि मग पत्रक आलं," महिपत हळू म्हणाला.

"मग पत्रक आलं! त्यात धाकू. हसतोय! सगळे सुखरूप! सरकारनं जिवंत छापलेला माणूस मेला असं मी कुठल्या तोंडानं लिहू? हजेरीला तर तो नाही. मग..."

"मग पळाला."

भिवाने मान हलवली. गोविंदा दोन पावलं पुढे आला तसा महिपत मध्ये उभा राहिला. पण गोविंदाने हात उगारला नाही. तो पाथरवटाजवळ गेला आणि शिळेच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट टेकलं.

"हितं लिव. पयलं."

पाथरवटाने महिपतकडे पाहिलं, मग गावाकडे. कुणी नाही म्हणालं नाही. छिन्नीचा पहिला घाव पडला. जिंकलो, जिंकलो असं मालनला ओरडावंसं वाटलं. आणि मग तिने सगुणाकडे पाहिलं.

सगुणाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. हात कपाळापाशी अडला होता. तिने सासूकडे पाहिलं.  कमळाबाईने तसबीर परत घेऊन पोटाशी धरली होती, आणि काचेवरून, त्या हसऱ्या तोंडावरून अंगठा फिरवत होती, शालूच्या तोंडावरचा गूळ मालन पुसते ना, तसा.

"आज नको," म्हातारी शेवटी म्हणाली. "आजचा दिवस असू दे. उद्या मी पुसीन. माज्या हातानं."

सगुणाचा हात खाली आला. ती सासूला चिकटून पायरीवर बसली, आणि तेव्हा कुठे, इतक्या वर्षांनी, दोघी मिळून रडल्या. मालनने शालूला घट्ट धरलं.

तुळसा आतापर्यंत कुणाच्या लक्षातही नव्हती. ती आजीच्या खांद्यावरून वाकून तसबिरीकडे बघत होती. आधी ते दात, मग ते मनगट. कुणीतरी तिला सांगितलं, तुजा बाप पळाला नव्हता गो, मानसं आनायला परत जेला होता. तिने ऐकलं, मान हलवली. तिच्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं. तिने आईचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं.

"आये, नावेत बसला तवा बाबाला ठावं होतं का गो, मी येनार हाय ते?"